आयुष्यभर पुरेल असं टर्नटेबल हवंय, जुन्या घराच्या माडीवर ठेवायचं आहे, कुठलं घेऊ?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, देवल क्लबची गाण्याची बैठक कधी चुकवायचे नाहीत आणि पगार झाला की एक रेकॉर्ड ठरलेली. ते जाऊन तीन वर्षं झाली. मागं राहिल्या तीनशेच्या आसपास एलपी आणि पासष्ट-सत्तर जुन्या लाखेच्या, ७८ च्या. निम्म्याहून जास्त जयपूर घराणं. घराण्याचे संस्थापक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं कोल्हापुरात राहिले, गायले, शिष्य तयार केले, पण त्यांचा स्वतःचा आवाज तबकडीवर नाही, आता जे काय ऐकायचं ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यातून. अण्णा हे दर रविवारी एकदा तरी बोलून दाखवायचे. त्यामुळं ह्या रेकॉर्डी माझ्यासाठी नुसता संग्रह नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी सुटकेससारखं उघडतं ते एक प्लेयर घेतलं होतं, दिसायला छान होतं म्हणून. सुई जड, आर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, मागं वजनच नाही. मन्सूरांच्या एका एलपीच्या पहिल्या दोन मिनिटांत त्यानं जी खरखर घातली ती आता कुठल्याच मशिनवर जात नाही. आणि तंबोरा डुलतो. सुरुवातीला नुसता तंबोरा चालू असतो ना, तिथं षड्ज एका जागी बसतच नाही, पाळण्यात घातल्यासारखा हलतो. अण्णा असते तर उठून बंद केलं असतं.

आता रिटायरमेंटचे पैसे आलेत, मशीन, काट्रीज (सुई बसते तो भाग), फोनो स्टेज (सुईकडून येणारा बारीक सिग्नल ॲम्पच्या आधी वाढवणारा डबा) सगळं मिळून तीन लाखांपर्यंत जाईन. ॲम्प आणि स्पीकर आहेत, चांगले आहेत. पुढची वीस वर्षं दुसरं घ्यायचं नाही. डोक्यात चार गोष्टी आहेत: रेगा प्लॅनर ८, टेक्निक्स १२०० जीआर२, पुण्यात एकांकडं जुनं लिन एलपी१२ विकायला आहे ते, आणि न्यू जर्सीचा मावसभाऊ त्याचं जुनं बेल्टवालं मशीन फुकट आणून देतो म्हणतोय. अडचण एकच, ऐकायची खोली माडीवर आहे आणि जमीन लाकडी. नातू पळाला की सुई उडते. पावसाळ्यात दमट किती असतं ते तर सांगायलाच नको.

डेक्कनवरून

काका, आधी फुकटच्या मशीनचं सांगतो म्हणजे ते डोक्यातून निघून जाईल. जुन्या बेल्टवाल्या मशीनमध्ये बऱ्याचदा एसी सिंक्रोनस मोटर असते, ती विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. लोकांना वाटतं ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० व्होल्ट केले की झालं, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. ३३ च्या जागी पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरेल, म्हणजे गाणं दीड स्वर खाली. ५० हर्ट्झची पुली किंवा वेगळा पॉवर सप्लाय मिळाला तर जमतं, पण जुन्या मॉडेलची पुली शोधत बसण्यात वर्ष जाईल. मावसभावाला प्रेमानं नाही म्हणा.

दुसरं लिन. मी एलपी१२ अकरा वर्षं वापरलंय आणि त्या मशीनवर माझं मनापासून प्रेम आहे. ग्लासगोची कंपनी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून तेच मशीन सुधारत आणलंय, जुन्याला नवे भाग बसतात, असं दुसरीकडं फार कमी बघायला मिळतं. पण आत प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) आणि आर्म तीन स्प्रिंगांवर तरंगतात. त्या स्प्रिंगा बरोबर लावायला जाणकार माणूस लागतो, मशीन खालून उघडं ठेवता येईल असा स्टँड लागतो, आणि एकदा लावलं की हलवायचं नाही. पुण्याहून कोल्हापूरला गाडीतून नेलं की परत लावणं आलं. त्यात तुमची लाकडी जमीन. चालताना जमीन ज्या संथ लयीत हलते त्या लयीत ह्या स्प्रिंगासुद्धा डुलायला लागतात. भिंतीवरच्या फळीवर ठेवलं तर ठीक, पण तुम्हाला वीस वर्षं निवांत ऐकायचंय, तर हे घेऊ नका असंच म्हणेन.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

मी रेगावाला. माझ्याकडं प्लॅनर ३ आहे, चौदा वर्षं झाली, दोनदा पट्टा बदलला आणि एकदा सुई, बाकी हातच लावला नाही. रेगाची रीत अशी की मशीन हलकं आणि कडक ठेवायचं, जडपणा घालायचा नाही, आणि ते कानाला पटतं. आवाज मोकळा येतो, सारंगीचा गज कुठं फिरला ते कळतं. प्लॅनर ८ त्याहून कितीतरी पुढचं, मी एकदा मुंबईत ऐकलंय, त्या दिवशी घरी यायचं मन होत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर तुमच्या ७८ च्या रेकॉर्डींचं काय करणार? प्लॅनर ८ वर ३३ आणि ४५ एवढंच. आणि रेगाच्या आर्मचं डोकं आर्मलाच जोडलेलं असतं, काढता येत नाही, म्हणजे ७८ साठी वेगळी काट्रीज पटकन बदलायची सोय नाही. माझ्याकडं ७८ नाहीत म्हणून मला कधी अडलं नाही. तुमच्याकडं सत्तर आहेत.

अजून एक, रेकॉर्डी खालच्या कप्प्यात ठेवू नका. तुमची माडी आहे म्हणून पुराचं भय नाही, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा खालच्या दोन रांगा बुडाल्या. एलपी धुवून वाळवल्या, आज वाजतात. कव्हरं मात्र एकमेकांना चिकटली ती चिकटलीच, मागचा मजकूर गेला, कोणाची तबल्याची साथ होती ते आता कळायला मार्ग नाही.

जव्हारी_मिरज

मंगळवारपेठकर साहेब, तुम्ही तंबोऱ्याचं लिहिलंत म्हणून उत्तर देतोय. माझा दिवस तंबोऱ्याच्या घोडीवर जातो, जव्हारी काढायची, दोरा केसभर पुढं-मागं करायचा आणि ऐकायचं. त्यामुळं टर्नटेबल तपासायला मी कधी मीटर वापरत नाही. खर्जाचा तंबोरा चालू असलेली रेकॉर्ड लावतो आणि मांडीवर आपला तंबोरा त्याच सुरात मिळवतो. मशीन स्थिर असेल तर दोघांचे सूर मिसळून एक होतात. नसेल तर दोघांच्या मधे लाटा येतात आणि त्या लाटा मोजता येतात.

मोजणं महत्त्वाचं. लाट जर दर पावणेदोन-दोन सेकंदांनी एक अशी येत असेल तर ती तबकडीच्या एका फेऱ्याबरोबर येतेय, ३३ ची तबकडी १.८ सेकंदांत एक फेरा करते. एकाच रेकॉर्डला असेल तर मशीनचा दोष नाही, रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकडी आहे. सगळ्याच रेकॉर्डींना येत असेल तर प्लॅटर किंवा बेअरिंग बघायचं. आणि लाट त्याहून भराभर येत असेल, आवाज थरथरल्यासारखा वाटत असेल, तर पट्टा, पुली किंवा मोटर. तुमच्या सुटकेसवाल्यात बहुतेक सगळंच असणार, पण नवीन मशीन घ्यायला जाल तेव्हा स्वतःची रेकॉर्ड घेऊन जा आणि हेच ऐका. दुकानदार तुम्हाला झगमगीत बँडचं काहीतरी लावून दाखवेल, त्यात हे कधीच कळत नाही. एक संथ ख्याल, सुरुवातीची तीन मिनिटं, डोळे मिटून. सूर कणसूर झाला की तुम्हाला लगेच कळेल, तुमच्या घरात ते कान आहेत.

टर्नर_उद्यमनगर

वरच्या मिरजच्या दादांनी भोकाचं लिवलंय ते लई बरोबर हाय, मी जरा हिशोब करून दाखवतो कारण माझं कामच ते, लेथवर जॉब लावला की पहिला डायल फिरवून रनआउट, म्हणजे मध्य किती चुकलाय ते, बघायचा.

समजा भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर बाजूला हाय. रेकॉर्डच्या आतल्या टोकाला खाच मध्यापासून साधारण ६० मिलिमीटरवर असते. अर्धा भागिले साठ म्हणजे ०.८३ टक्के. सूर तेवढा वर आणि तेवढाच खाली, म्हणजे प्रत्येकी १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर), एकूण झोका २८ सेंटचा. प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतीतलं सगळ्यात बारीक अंतर, २२ सेंटच्या आसपास असते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरनं एका श्रुतीपेक्षा जास्त झोका बसतो! आणि ह्या चांगल्या डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय मोटरनं थेट फिरणाऱ्या) मशीनचा स्वतःचा झोका कितीय तर टेक्निक्स ०.०२५ टक्के देतंय. म्हणजे मशीन एवढं पुढं गेलंय की आता दोष रेकॉर्डच्या भोकात राहिलाय. तवा तीन लाखातल्या मशीनमध्ये ह्याचा झोका कमी का त्याचा, ह्यात डोकं घालू नका, ते काम सगळ्यांनी केलेलं हाय. तुमचा खरा प्रश्न जमिनीचा हाय.

एक करा. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, ॲम्पचा आवाज रोज ऐकता तेवढा करा आणि घरातल्या कुणाला तरी खोलीत चालायला सांगा. स्पीकरमधून धप धप ऐकू आलं, स्पीकरचा पडदा आत-बाहेर होताना दिसला की समजायचं जमीन सुईपर्यंत पोचतेय. मग खोलीत जिथं तुळई भिंतीत शिरते तो कोपरा शोधा, तिथं जमीन सगळ्यात कमी हलते, मधोमध सगळ्यात जास्त.

पण मी म्हणेन जमिनीवर ठेवूच नका. जुन्या घराच्या भिंती दीड-दोन फुटी असतात, त्याचा फायदा घ्या. दोन जाड एमएस अँगलचे ब्रॅकेट, आतपर्यंत ग्राउट करून, वर कडाप्पा. मातीची भिंत असेल तर नुसता रॉलप्लग धरणार नाही, आरपार बोल्ट टाकून पलीकडं प्लेट लावावी लागते. कडाप्पा आणि ब्रॅकेटच्या मधे पातळ रबर. वर लेव्हल बॉटल ठेवून दोन्ही दिशांना बघायचं, कडाप्प्यावर नाही, प्लॅटरवर. मी माझ्या एका दोस्ताला असं करून दिलंय, चार वर्षं झाली, खाली पोरं कबड्डी खेळली तरी सुई हलत नाही.

पांढरी_पाच

सगळ्यांचं वाचलं, खूप छान माहिती आहे. मी गाणं शिकवते, घरी टेक्निक्स १२०० जीआर आहे, सात वर्षं झाली. दोन गोष्टी राहिल्यात असं वाटतं म्हणून लिहिते.

पहिली, आपलं गाणं एलपीवर कसं बसतं ते बघा. बाहेरच्या कडेला आलाप, संथ, आणि आत आत जाताना द्रुत, ताना. पण तबकडी एकाच गतीनं फिरते आणि आतला फेरा लहान, त्यामुळं बाहेर सुईखालून सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर खाच जाते आणि अगदी आत पोचल्यावर वीस-एकवीस सेंटिमीटरच. म्हणजे ज्या वेळी गायकाचा गळा सगळ्यात वेगानं फिरतोय नेमकं त्याच वेळी ते सगळं सगळ्यात कमी जागेत कोंबलेलं असतं. बावीस-पंचवीस मिनिटांची बाजू असली की मग विचारूच नका. साधी गोल सुई त्या वळणात पोचत नाही, तानेतले दाणे एकमेकांना चिकटतात, आकारात घशाची खरखर ऐकू येते आणि आपण म्हणतो रेकॉर्ड खराब झाली. मी पण म्हणायचे. मोगूबाईंच्या शिष्यपरंपरेतली एक एलपी मी खराब म्हणून बाजूला ठेवली होती, मग मायक्रोलिनिअर, म्हणजे खूप बारीक टोकाची, सुई लावली, काट्रीज प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या मापपट्टीवर) नीट सरळ केली, आणि शेवटच्या दोन मिनिटांतली सपाट तान दाणा अन् दाणा वेगळा ऐकू आला. त्या दिवशी मी ती बाजू पाच वेळा ऐकली. तेव्हा पैसे मशीनमध्येच संपवू नका, सुईसाठी ठेवा आणि ती बसवायला दुपार काढून ठेवा.

दुसरी, एमसी (मूव्हिंग कॉइल) काट्रीजच्या मागं लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज सुंदर असतो, पण सुई झिजली की घरी बदलता येत नाही, सगळी काट्रीज पाठवायची. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) मध्ये सुई ओढून काढायची, नवीन सरकवायची, झालं. रोज एक तास ऐकलंत तर दोन-तीन वर्षांत सुई बदलायची वेळ येणारच, वीस वर्षांत किती होतात बघा. ऑडिओ टेक्निकाची व्हीएम९५ मालिका घ्या, एकाच बॉडीवर सगळ्या सुया बसतात. एलपीला एमएल (मायक्रोलिनिअर), ७८ ला जाड टोकाची एसपी. ७८ ची खाच खूप रुंद असते, एलपीची सुई त्यात तळाशी जाऊन नुसती घाण खरवडते. एसपी सुईला पाच ग्रॅमच्या आसपास वजन लागतं, एलपीच्या सुईला दोन, हे बदलायला विसरू नका!! मी दोन हेडशेल (आर्मची सुटी डोकी) ठेवलीत, एकावर एमएल एकावर एसपी, आर्मची कडी फिरवायची, डोकं काढायचं, दुसरं लावायचं, मागचं वजन फिरवायचं, अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि टेक्निक्सवर ७८ पण आहे आणि गती कमी-जास्त करायचा सरकता खटका पण आहे. जुन्या सगळ्या ७८ बरोबर ७८ वरच भरलेल्या नसतात. बाई कुठल्या पट्टीत गायच्या ते माहीत असेल तर तंबोरा लावून गती तिथं आणून ठेवता येते.

मंगळवारपेठकर

काय बोलू, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. काल संध्याकाळी टर्नरदादांनी सांगितलं ते करून बघितलं. रेकॉर्ड थांबलेली, सुई टेकवली, आणि सौ. खोलीत नुसती चालत आली तर स्पीकरमधून ढोल वाजल्यासारखं आलं. मी इतकी वर्षं हे गाण्याखाली ऐकत होतो! तुळईच्या कोपऱ्यात पाट ठेवून परत केलं, निम्म्यानं कमी झालं.

लिन आणि न्यू जर्सी दोन्ही सोडलं. रेगा ऐकायला मला फार आवडलं असतं, पण अण्णांच्या ७८ कपाटात ठेवून मी एलपी ऐकत बसलो असं होणार नाही, त्यामुळं टेक्निक्स जवळपास ठरलं. पांढरी_पाच ताई, दोन गोष्टी विचारायच्यात. ७८ ला फोनो स्टेज वेगळी लागते का? आणि रेकॉर्डी कशानं धुता? काहींवर पांढरी बुरशी आलीय.

पांढरी_पाच

काटेकोर म्हटलं तर लागते, कारण आताची आरआयएए पद्धत (भरताना कमी-जास्त केलेला खर्ज आणि ट्रेबल वाजवताना परत सारखा करायचं गणित) १९५४ नंतर रुळली आणि बऱ्याच ७८ त्याच्या आधीच्या, प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. पण साध्या फोनो स्टेजवर ॲम्पचा ट्रेबल जरा इकडंतिकडं करून मी तरी समाधानानं ऐकते. मोनोचं बटण असलेली फोनो स्टेज मात्र आवर्जून घ्या, ७८ ची निम्मी खरखर तिथंच जाते, कारण खाचेतला वर-खाली होणारा आवाज दोन्ही बाजू एक केल्या की एकमेकांना खातो.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब भांड्याचं साधं लिक्विड, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत. लेबल भिजू द्यायचं नाही. एलपीच्या बुरशीला पाण्यात थोडं आयसोप्रोपिल चालतं. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात नाही, लाख विरघळते, रेकॉर्ड गेली. पाण्यात पण बुडवून ठेवू नका, पुसून लगेच कोरडी करा. जुनी कागदी पाकिटं टाकू नका, ती वेगळी जपा, रेकॉर्ड नवीन पाकिटात घाला, बुरशी जुन्या कागदातूनच परत येते. आणि उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत लाखेची तडकते.

जव्हारी_मिरज

पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा. आम्ही तंबोऱ्याच्या भोपळ्यांजवळ पण ठेवतो. आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की मशीनचा आणि ॲम्पचा प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

टर्नर_उद्यमनगर

मशीन यायच्या आधी फळी झाली पाहिजे, नायतर ते खोक्यातच पडून राहतंय. रविवारी सकाळी मोकळा हाय. भिंत विटेची हाय का मातीची ते एक बारीक भोक पाडून बघून ठेवा, विटेची असली तर तांबडी भुकटी येईल. आणि तुमच्या टेक्निक्सचं वजन साडेअकरा किलोच्या आसपास भरतंय, त्यात कडाप्पा पंचवीस-तीस किलोचा, म्हणून मी ब्रॅकेट शंभर किलोच्या हिशोबानं करतो. मापं पाठवा. मशीन पुढून मागं १५ इंच, लांबीला १८ इंच, एवढ्यात बसतं का बघा, झाकण मागं उघडतं त्याला भिंतीपासून जागा सोडायला विसरू नका.

मंगळवारपेठकर

सकाळीच भोक पाडून बघितलं. तांबडी आली. रविवारी नऊ वाजता या दादा, चहा-पोहे इथंच घ्या. येताना लेव्हल बॉटल आणा, माझ्याकडं अण्णांची लाकडी आहे पण तिच्यातला बुडबुडा आता एका बाजूलाच थांबतो. आणि काम झालं की खाली शेजाऱ्यांकडं जुनं प्लेयर आहे ते आणून फळीवर ठेवू आणि परत एकदा खोलीत चालून बघू.